तारा चार सेकंद विझतो, त्याची नोंद कोण ठेवणार?

मंडळी, मागच्या थंडीतली गोष्ट. रात्रीचे पावणेतीन झाले असतील. ब्राह्मणपुरीच्या बाहेर, पपईच्या शेताच्या बांधावर मी आणि शाळेतली सहा पोरं दुर्बीण लावून बसलो होतो. सगळ्यांच्या अंगावर गोधड्या आणि कानाला मफलर. तेवढ्यात हातात बॅटरी आणि काठी घेऊन आमच्या ओळखीचे एक आबा मोटार चालू करायला निघाले. त्या आठवड्यात लाईट रात्रीची होती ना!

"काय सर, बिबट्या पाहताय का?"

"नाही आबा. एक तारा विझणार आहे चार सेकंद. तो बघतोय."

आबा थांबले. पोरांमध्ये उकिडवे बसले. वेळ आली आणि गेली. तारा जसा होता तसाच राहिला.

"विझला का?"

"नाही विझला."

"मग रात्र वाया गेली म्हणा," असं म्हणून आबा हसले आणि मोटारीकडे गेले.

पोरांची तोंडं पडली. माझंही पडलंच होतं, खोटं कशाला बोलू. पण आबांचा प्रश्न डोक्यातून जाईना. खरंच रात्र वाया गेली का? ही पोस्ट म्हणजे त्यांना द्यायचं राहिलेलं उत्तर आहे. जरा लांब आहे, वेळ काढून वाचा.

आधी हे प्रकरण काय ते समजून घेऊ

चंद्र एखाद्या ताऱ्यासमोर आला की तारा झाकला जातो. याला आपल्याकडे 'पिधान' म्हणतात. २४ मार्च २०२३ च्या संध्याकाळी चंद्रकोरीजवळ चमकणारा शुक्र सगळ्या देशाने पाहिला, मोबाईल फोटोंनी भरून गेले होते. त्या दिवशी काही ठिकाणांहून चंद्राने शुक्राला चक्क झाकलं होतं. तेही पिधानच.

आता चंद्राच्या जागी लघुग्रह ठेवा. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात असे लाखो दगड सूर्याभोवती फिरतायत. त्यातला एखादा दूरच्या ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याच्या उजेडात त्याची सावली पृथ्वीवर पडते. तारा इतका लांब असतो की त्याचे किरण जवळजवळ समांतर येतात. म्हणून सावलीची रुंदी लघुग्रहाच्या रुंदीएवढीच असते. साठ किलोमीटरचा दगड असेल तर साठ किलोमीटरची सावली. ही सावली दर सेकंदाला साधारण दहा-पंधरा किलोमीटर वेगाने शेतं, गावं, डोंगर ओलांडत जाते. तिच्या पट्ट्यात जो उभा असेल त्याला तारा काही सेकंद गायब दिसतो. पट्ट्याबाहेरच्याला काहीच दिसत नाही.

हिशोब सोपा आहे. सावलीचा वेग सेकंदाला पंधरा किलोमीटर आणि तारा चार सेकंद गायब, म्हणजे तुमच्या डोक्यावरून गेलेली त्या दगडाची रेघ साठ किलोमीटर लांब. दुसऱ्या गावातल्या माणसाला तो तीनच सेकंद गायब दिसला तर तिथली रेघ पंचेचाळीस किलोमीटरची. अशा दहा-बारा रेघा एकाखाली एक मांडल्या की कोट्यवधी किलोमीटर लांबच्या दगडाचा आकार कागदावर उतरतो. मोठ्यात मोठ्या दुर्बिणीतूनही यातले बहुतेक दगड नुसते ठिपकेच दिसतात. आणि इथे चार इंची, सहा इंची दुर्बिणी घेऊन बसलेली माणसं त्यांचं माप काढतात!

हे ज्ञान आपल्या मातीला परकं नाही

पूर्वी ताऱ्याजवळून ग्रह जाणं म्हणजे शकुन-अपशकुनाची बाब होती. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत रोहिणीशकटभेद येतो. शनीने रोहिणीचा गाडा भेदला तर जगावर संकट, अशी समजूत. तो भेद अडवायला दशरथ राजा थेट शनीसमोर जाऊन उभा राहिला, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते.

पण त्याच परंपरेत हिशोब मांडणारेही होते. चाळीसगावजवळचं पाटण आपल्या खानदेशातलंच. भास्कराचार्यांचं घराणं या भूमीशी जोडलेलं आहे. त्यांचा जन्म १११४ चा आणि 'सिद्धान्तशिरोमणी' ११५० चा. त्यात ग्रह आणि तारे यांच्या युतीचं गणित आहे, आणि ग्रहणासाठी 'लंबन' नावाची दुरुस्ती आहे. लंबन म्हणजे काय? पृथ्वीच्या मध्यातून पाहिलं तर चंद्र जिथे दिसेल, तिथेच तो तुमच्या अंगणातून दिसत नाही, थोडा सरकलेला दिसतो. त्यामुळे ग्रहणाची वेळ गावागणिक बदलते. जुन्या गणितात हा फरक जास्तीत जास्त चार घटिका धरत, म्हणजे शहाण्णव मिनिटं. पिधानाचं सगळं शास्त्र या एकाच गोष्टीवर उभं आहे: तू कुठे उभा आहेस, त्यावर तुला काय दिसणार ते ठरतं.

पाटणच्या मंदिरातला शिलालेख १२०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथे मठ काढला, आणि तिथल्या निकुंभ राजांनी त्याला दान दिलं. लेखाच्या शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारातल्या व्यवहारातून मठाला काय द्यायचं, ते त्यात ठरवून दिलंय. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख जगासमोर आणला. विचार करा, आठशे वर्षांपूर्वी खानदेशातला बाजार आकाशाच्या अभ्यासाचा खर्च उचलत होता. आज आपण गावात किती गोष्टींसाठी वर्गणी काढतो, आणि त्यात दुर्बीण कितव्या नंबरला येते?

पुढे १८९६ मध्ये 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मोठा इतिहास लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हेसुद्धा काही वर्षं धुळ्यात शिक्षक होते. नंदुरबार १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं, तेव्हा ते आपलेच म्हणायला हरकत नाही.

पुण्याची दुर्बीण गेली, आणि विजयदुर्गचा घोळ

१८८८ मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी राहिली. महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा तिचं नाव, आणि कावसजी दादाभाई नायगमवाला तिचे प्रमुख. वीस इंची दुर्बीण होती, त्या काळात देशातली सर्वांत मोठी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला आपलं पथक घेऊन गेले. त्याच ग्रहणासाठी वऱ्हाडात तळणीला इंग्लंडमधल्या हौशी खगोलप्रेमींच्या संघटनेचे लोक तंबू ठोकून बसले होते, आणि नॉर्मन लॉकयर विजयदुर्गच्या किल्ल्यावर होते.

इथे एक फॉरवर्ड दुरुस्त करतो. "हेलियमचा शोध विजयदुर्गच्या किल्ल्यावर लागला" हा मेसेज दरवर्षी फिरतो. ते खरं नाही. १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकयर इंग्लंडमध्ये होते, विजयदुर्गला ते आले १८९८ मध्ये. किल्ला मोठाच आहे, त्याला खोट्या मोठेपणाची गरज नाही.

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि ती वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. एक माणूस गेला की संस्था गेली, ही आपली जुनी खोड. १९४४ मध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली आणि हौशी मंडळींना पुन्हा एक घर मिळालं. ती आजही चालू आहे. मुंबईत १९८५ मध्ये हॅलेच्या धूमकेतूच्या निमित्ताने खगोल मंडळ उभं राहिलं.

जगातला दुसरा वेध भारतातून!

आता मूळ विषयावर येतो. लघुग्रहाने तारा झाकल्याचा पहिला पक्का वेध १९ फेब्रुवारी १९५८ चा. स्वीडनमधल्या माल्मो शहरातून जूनो नावाच्या लघुग्रहाने तारा झाकलेला दिसला. त्यानंतरची नोंद कुठली? २ ऑक्टोबर १९६१, गांधी जयंतीची रात्र, नैनिताल. सिन्वल, सनवाल आणि पांडे या तिघांनी पॅलास या मोठ्या लघुग्रहाने तारा झाकल्याचा वेध घेतला, तोही विजेच्या प्रकाशमापकावर, नुसत्या डोळ्याने नाही. ही गोष्ट आपल्या किती पुस्तकांत आहे? मला तरी शाळेत कुणी सांगितली नव्हती.

मग १० मार्च १९७७. युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता. तमिळनाडूत कवलूरला एक मीटरच्या दुर्बिणीवर जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी बसले होते. तिथून ग्रहाने तारा झाकलाच नाही. पण युरेनस जवळ आलेला असताना तारा काही सेकंद मंद झाला. त्यांना वाटलं, नवा उपग्रह असावा. त्याच वेळी हिंदी महासागरावर उडणाऱ्या अमेरिकेच्या कायपर विमान-वेधशाळेतून ग्रहाच्या दोन्ही बाजूंना तारा पुन्हापुन्हा मंद होताना नोंदला गेला. दोन्ही बाजूंच्या नोंदी जुळल्या आणि कळलं की युरेनसला कडी आहेत! कवलूरच्या नोंदीचा अर्थ लावायला दुसऱ्या जागेची नोंद लागली. एकट्याचा वेध कितीही चोख असला तरी अर्धाच असतो, तो असा.

नंतर हे काम सामान्य माणसांनी उचललं

वेधशाळा जागची हलत नाही. सावली मात्र कुठूनही जाते. म्हणून हे काम उचलून नेता येणाऱ्या दुर्बिणींचं, म्हणजेच हौशी लोकांचं झालं. जानेवारी १९७५ मध्ये इरॉस या लघुग्रहाने मिथुन राशीतला एक तारा झाकला, तेव्हा अमेरिकेच्या ईशान्य भागात हौशी निरीक्षक ठिकठिकाणी पसरून बसले होते. त्याच वर्षी डेव्हिड डनहॅम यांच्या पुढाकाराने पिधानाच्या वेळा नोंदणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. २९ मे १९८३ ला पॅलासने आणखी एक तारा झाकला, तेव्हा शंभराहून जास्त लोकांनी वेळा नोंदल्या आणि पॅलासचा आकार कागदावर उतरला. त्यात शिक्षक होते, दुकानदार होते, निवृत्त लोक होते, असेच तुमच्या-माझ्यासारखे.

त्या काळी करायचे कसे? एका हाताशी टेपरेकॉर्डर, शेजारी शॉर्टवेव्ह रेडिओ. रेडिओवर वेळेचे ठोके चालू. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एटीए केंद्रावरून असे ठोके प्रसारित होत. डोळा दुर्बिणीला लावायचा आणि तारा गेला की ओरडायचं "गेला!", आला की "आला!" नंतर टेप ऐकून वेळ काढायची. आता यात माणसाच्या प्रतिसादाची चूक येते. डोळ्याने पाहून तोंडातून शब्द निघेपर्यंत सेकंदाचा तिसरा हिस्सा गेला, तर पंधरा किलोमीटरच्या वेगाने मापात पाच किलोमीटरची चूक! म्हणून आज कॅमेऱ्याने व्हिडिओ घेतात आणि प्रत्येक फ्रेमवर जीपीएसची वेळ उमटवतात.

दुसरा मोठा बदल गाया या युरोपच्या उपग्रहाने केला. २०१६ पासून त्याची ताऱ्यांची यादी येऊ लागली. ताऱ्यांच्या जागा इतक्या बारकाईने कळल्या की सावली कुठून जाणार ते पूर्वीपेक्षा खूप नेमकं सांगता येऊ लागलं. ऑकल्ट आणि ऑकल्टवॉचर ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, आणि ती बनवणारेही या कामातले हौशी लोकच. तुमच्या गावाचे अक्षांश-रेखांश टाका, जवळून जाणाऱ्या सावल्यांची यादी समोर येते.

यातून काय काय सापडलं ते पाहा. २०१३ मध्ये दक्षिण अमेरिकेतून वेध घेतला आणि कॅरिक्लो नावाच्या जेमतेम अडीचशे किलोमीटरच्या गोळ्याला कडी निघाली. तोवर कडी फक्त मोठ्या ग्रहांनाच असतात असं मानत. ७ मार्च २०२१ ला अमेरिकेतल्या हौशी लोकांनी अपोफिसची सावली पकडली. हाच तो अपोफिस, ज्याच्या नावाने 'पृथ्वी संपणार' असे व्हिडिओ येतात. रडारची मापं आणि असे वेध यांमुळे त्याची कक्षा इतकी पक्की झाली की पुढची शंभर वर्षं त्याच्यापासून धोका नाही, हे त्याच महिन्यात जाहीर झालं. १३ एप्रिल २०२९ ला तो पृथ्वीपासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल, तेव्हा घाबरवणारे मेसेज पुन्हा येतील. हे लक्षात ठेवा.

आता आबांच्या प्रश्नाचं उत्तर

२०१७ साल. नेपच्यूनच्याही पलीकडच्या एका दगडाजवळ न्यू होरायझन्स यान जाणार होतं. आज त्याला अॅरोकॉथ म्हणतात. त्याचा आकार कुणालाच माहीत नव्हता. ३ जूनला अर्जेंटिना आणि दक्षिण आफ्रिकेत दुर्बिणींच्या रांगा लावल्या. निकाल काय? सगळ्यांकडून 'नाही'. एकालाही तारा विझलेला दिसला नाही. तरी कुणी वह्या फेकल्या नाहीत. त्या 'नाहीं'चा अर्थ काय, यावर त्यांनी डोकं लावलं आणि पुढची तयारी केली. १७ जुलैला अर्जेंटिनातल्या कोमोदोरो रिवादाविया गावाजवळ पुन्हा दोन डझन दुर्बिणी मांडल्या. तिथे वारा फार. गावाने काय केलं? रस्त्यावरचे दिवे बंद केले, हायवे दोन तास थांबवला, आणि वारा अडवायला ट्रक आडवे उभे केले. त्या रात्री पाच दुर्बिणींना सावली सापडली. त्या पाच रेघांवरून अंदाज बांधला की दगड लांबोडका असावा, कदाचित दोन गोळे चिकटलेले. १ जानेवारी २०१९ ला यान पोहोचलं आणि फोटो आला. खरोखर दोन चिकटलेले गोळे.

तेव्हा आबा, रात्र वाया गेली नाही. सावली कुठून गेली हे जसं सांगावं लागतं, तसं कुठून गेली नाही हेही सांगावं लागतं. दगडाची कड ठरते ती 'हो' म्हणणारा आणि 'नाही' म्हणणारा यांच्या मधे. आमच्या एकट्याच्या 'नाही'ने आकार ठरत नाही, हे खरं. पण वेळ, ठिकाण आणि 'तारा झाकला गेला नाही' एवढी नोंद पोरांनी वहीत केली आणि आम्ही ती पाठवून दिली. सहावीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, काहीच दिसलं नाही तरी आपलं नाव लिहायचं?" मी म्हटलं, "बेटा, आधी लिहायचं ते हेच."

आणि आपल्या गावाशी याचा संबंध

अमेरिका, युरोप, जपान, ऑस्ट्रेलियात अशा नोंदी करणारे शेकडो आहेत. सावल्या आपल्या देशावरूनही जातात, पण त्या वाटेवर जागं असलेलं माणूस क्वचित. शहरात दुर्बिणी आहेत, आकाश नाही. आपल्याकडे उलटं आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मधे काळोख. तोरणमाळच्या वाटेला लागलात तर आकाशगंगा अजून दिसते. पण हा काळोखही उतरणीला लागलाय.

दिव्यांच्या विरोधात मी नाही, हे आधीच सांगतो. उसात बिबट्या आहे, पायाखाली साप आहे, रात्रीची मोटार आहे. उजेड लागतोच. माझी मागणी एवढीच की नवे दिवे लावताना त्यांना वरून झाकण असावं, उजेड जमिनीवर पडावा, आकाशात नाही. यात विजेचीही बचत आहे, आणि डोळ्यावर झळ न आल्याने बिबट्याही लवकर दिसेल. पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडू या. मी कागद तयार करतो, सह्या तुम्ही करा.

दुसरं म्हणजे तालुक्यातल्या शाळांत कपाटात ठेवलेल्या दुर्बिणी असतील तर बाहेर काढा. शहादा, तळोदा, खेतिया, नंदुरबार अशा चार-पाच जागी पोरं बसली, तर आपल्या रेघा एकाखाली एक लागतील. एकट्याने बसून उपयोग थोडा, हे कवलूरनेच शिकवलं.

शेवटचं. ११ ऑगस्ट १९९९ चं सूर्यग्रहण आठवतं? त्या दिवशी चंद्राची सावली कच्छमधून शिरून गुजरात ओलांडून पूर्वेला गेली. मी सहावीत होतो. आपल्याकडे ढग, आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला एकदम अंधारून आलं. आम्हाला घरात कोंडून ठेवलं होतं. दाराच्या फटीतून अंगण काळं झालेलं तेवढं मी पाहिलं. सावली दारावरून गेली आणि आम्ही आत होतो, हे शल्य अजून आहे.

या पोरांना ते नको. पुढची सावली कधी ते काढून ठेवलंय. आबांनाही सांगितलंय. ते म्हणाले, "मोटार थोडी उशिरा चालू करीन, बसतो तुमच्याजवळ. पण या वेळी विझव बुवा!"

ज्यांना यायचं असेल त्यांनी कमेंटमध्ये गावाचं नाव टाका. गोधडी आपली आपण आणायची.